पाणचक्की दळती हवी

तिसऱ्या शनिवारी जा, एवढं एकच मी सगळ्यांना सांगते. साउथ कॅरोलिनात पिकन्स नावाचं छोटं गाव आहे, ब्लू रिजचे डोंगर उतरत उतरत सपाटीला लागतात त्या पायथ्याच्या पट्ट्यात, तिथून साधारण साडेतीन मैलांवर हॅगूड मिल म्हणून १८४५ ची लाकडी पाणचक्की आहे आणि महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ती खरंच मका दळते. लेकीकडे राहायला गेले होते तेव्हा पहिल्यांदा आम्ही भलत्याच दिवशी जाऊन आलो. चाक होतं, ओढा होता, हिरवळ होती, फोटो छान आले, लेकीने स्टेटसला टाकले आणि अर्ध्या तासात परत गाडीत. पुढच्या महिन्यात बरोबर शनिवार गाठला आणि तीन तास मी तिथून हलले नाही, शेवटी लेकच म्हणाली, आई आता चल, जावयांना भूक लागलीये.

जागा तीच, चाक तेच. मग फरक कशाने पडला यावर मी तेव्हापासून विचार करतेय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. जुन्या पाणचक्क्या, जुनी गावं, डोंगरपायथ्याची वारसास्थळं यांच्यावर जो पैसा आणि जी मेहनत खर्च होते ती आधी त्या चालत्या ठेवण्यावर व्हायला हवी, सजवण्यावर नंतर. बंद गिरणीबद्दल काहीही सांगता येतं आणि लोक ऐकून घेतात, पण चालू गिरणीपुढे खोटं बोलणं अवघड असतं.

आधी ती चालते कशी ते सांगते कारण मलाही ते आधी माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात होतं की पाणी जोरात येतं आणि चाकाला ढकलतं. हॅगूडला तसं नाही. वरून लाकडी पन्हळीतून पाणी येतं आणि वीस फुटी चाकाच्या माथ्यावर पडतं, चाकाच्या कडेला जे कप्पे आहेत ते एका बाजूचे भरत जातात, भरलेली बाजू जड होते आणि त्या वजनाने चाक खाली येतं, खाली आलं की कप्पे रिकामे. म्हणजे पाणी ढकलत नाही, पाणी चाकात बसतं. जॉन स्मीटन नावाच्या इंग्लिश इंजिनियरने १७५९ मध्ये छोटी मॉडेलं करून हे मोजून दाखवलं होतं की वरून पाणी घेणारं चाक हे खालच्या प्रवाहाने ढकललं जाणाऱ्या चाकापेक्षा जवळजवळ दुप्पट काम करतं. त्यामुळे मोठी नदी लागत नाही, लहानसा ओढा पुरतो, फक्त पाण्याला उतार मिळायला हवा, आणि उतार पायथ्याला भरपूर. या सगळ्या पट्ट्यात ओढ्याओढ्यावर गिरण्या का होत्या याचं उत्तर तिथे उभं राहून आपोआप मिळतं, पाटी वाचावी लागत नाही.

आत गेलं की जमीन पायाखाली थरथरते. वर धान्य टाकायची पेटी, तिच्याखाली हलणारी चोच, तिच्यातून मका थोडा थोडा दगडाच्या तोंडात पडत राहतो. आपण जात्यात मुठीने वैरण घालतो ना तेच काम, फक्त इथे ते मशीन करतं, आणि दगड जितका जोरात फिरेल तितकी ती चोच जास्त हलते म्हणजे घास आपोआप वेगाप्रमाणे पडतो. दोन दगड एकमेकांना टेकत नाहीत, टेकले तर दगडच झिजणार आणि पीठ करपणार, मधे बारीक फट ठेवायची आणि ती फट दिवसभर सांभाळत बसायची. गिरणी चालवणारे काका दर दोन मिनिटांनी खाली पडणारं पीठ अंगठा आणि बोटात चोळून बघत होते, मधेच नाकाशी नेत होते. मलाही दिलं हातावर. कोमट होतं. गरम लागलं तर दगड फार जवळ आलेत, म्हणाले. त्यांच्या कानाचं लक्ष वेगळंच, आमच्याशी बोलता बोलता आवाज जरा बदलला की हात फट कमीजास्त करायच्या पट्टीवर.

आता मुद्दा असा की या सगळ्यातलं काहीही बंद गिरणीत दिसत नाही. दगड दिसतो, चाक दिसतं, पण वारसा तो दगड आहे की ते बोटात पीठ चोळून फट ओळखणं आहे? माझ्या मते दुसरं. दगडावरचे खाच-पाट बोथट झाले की पुन्हा टाकवून घ्यावे लागतात, आपल्याकडे जात्याला टाकी लावायला माणसं दारावर यायची तसंच, आणि ती कला ज्याच्या हातात आहे तो गेला की दगड नुसता दगड. नेदरलँड्समध्ये हे लोकांना फार आधी कळलं. तिथे १९७२ पासून हौशी गिरणीवाल्यांची एक संघटना आहे, ती लोकांना रीतसर शिकवते, परीक्षा घेते, आणि मग तुम्ही जुनी पवनचक्की किंवा पाणचक्की चालवू शकता. २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेदरलँड्समधलं काय घेतलं तर गिरणी चालवायची कला, इमारत नाही. ही यादी युनेस्कोच्या ज्या २००३ च्या करारातून आली त्यात अमेरिका सामीलच झालेली नाही. आणि योगायोग बघा, १९७२ सालीच हॅगूड मिल अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. एकाच वर्षी इकडे इमारतीची नोंद झाली आणि तिकडे माणसं शिकवायला सुरुवात झाली, मला वाटतं सगळा फरक यातच आहे.

यावर जे लोक जुन्या वास्तू जपायचं काम करतात त्यांचा एक आक्षेप असतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात चालवली की झीज होणार, मूळ लाकूड जाणार, मूळ दाते जाणार, मग पन्नास वर्षांनी राहिलं काय? बरोबर आहे, जे मूळचं आहे आणि परत मिळणार नाही त्याला हात लावू नये. पण पाण्याचं लाकडी चाक हे कधीच कायमचं नव्हतं. गिरणी जेव्हा धंदा म्हणून चालायची तेव्हाही चाक कुजायचं आणि नवं व्हायचं, गावचा सुतार ते करायचा. उलट चाक महिनोन्‌महिने थांबलं तर खालचा भाग ओला राहून जड होतो, वरचा उन्हाने सुकून तडकतो आणि मग तोलच जातो, म्हणजे न चालवणं हीसुद्धा एक झीजच. हॅगूड मिल धंद्यासाठी १९६० च्या दशकापर्यंत चालली, नंतर थांबली, पुढे दुरुस्त करून परत चालू केली. आज तिच्यात जे नवं लाकूड आहे त्यामुळे ती खोटी झाली असं मला मुळीच वाटत नाही.

खोटं कशाला म्हणायचं ते मेब्री मिलवरून कळतं. व्हर्जिनियात ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या सहलीच्या रस्त्यावर १७६ व्या मैलावर ही गिरणी आहे, पुढे तळं, त्यात प्रतिबिंब, शरद ऋतूत लाल पिवळी झाडं, तिचे इतके फोटो निघतात की दुसऱ्याच राज्यांच्या नावाने पोस्टकार्डावर छापली गेली असं सांगतात. एड मेब्री आणि लिझी मेब्री या नवराबायकोने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली, दळण, लाकूड कापणं, सुतारकाम सगळं तिथे चालायचं. म्हणजे काळाबरोबर चालणारी, कष्टाळू, नवी यंत्रं वापरणारी माणसं, आणि राहायला त्यांनी चांगलं दुमजली फळ्यांचं घर बांधलं होतं. १९४० च्या दशकात पार्कच्या खात्याने गिरणी दुरुस्त केली तेव्हा ते घर पाडलं आणि पुढे दुसरीकडून एक ओंडक्यांची झोपडी आणून तिथे बसवली. का, तर डोंगरातली माणसं झोपडीत राहतात असं बघायला येणाऱ्यांना वाटत होतं. हे वाचल्यावर मला खरंच वाईट वाटलं. बाईने आयुष्यभर राबून दुमजली घर केलं आणि आपण तिला परत झोपडीत बसवली, तेही वारसा जपण्याच्या नावाने.

हे एकदाच घडलं असंही नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समधल्या केड्स कोव्ह नावाच्या खोऱ्यात राष्ट्रीय पार्क होताना लोकांना जमिनी सोडायला लागल्या, काही जण कोर्टात लढले आणि हरले, आणि नंतर तिथली नव्या धर्तीची बरीच घरं पाडून ओंडक्यांची तेवढी ठेवली. आज आपण अकरा मैलांच्या रस्त्यावर गाडीतून फिरतो आणि वाटतं अरे किती साधं जुनं जीवन. ते तितकं साधं कधी नव्हतंच, आपण ते साधं करून ठेवलंय.

याच्या उलट मला मिंगस मिल आवडते. नॉर्थ कॅरोलिनात चेरोकी गावाजवळ, १८८६ ची. तिला मोठं चाकच नाही, खाली लोखंडी टर्बाइन आहे, कारण १८८६ मध्ये जे नवं आणि चांगलं मिळत होतं ते मालकाने बसवलं. लोक येतात, चाक कुठंय विचारतात, थोडे हिरमुसतात. पण हाच तर खरा इतिहास आहे, की डोंगरातला माणूस मागासलेला नव्हता. आणि तिथूनच जवळ झाडीत एका उंचवट्यावर गुलाम म्हणून जगलेल्या माणसांच्या कबरी आहेत, नाव नाही, तारीख नाही, नुसते शेतातले दगड उभे केलेले. गिरणीत शंभर लोक असतात तेव्हा तिथे कोणी नसतं.

हॅगूडलाही मला हाच प्रश्न पडला होता. १८६० च्या जनगणनेप्रमाणे साउथ कॅरोलिनातली निम्म्याहून जास्त माणसं गुलामीत होती, ७ लाखांतली ४ लाख. पायथ्याकडे हे प्रमाण कमी होतं, पण होतं. मग १८४५ मध्ये इथलं काम कोणाच्या हातांनी झालं, मका कोणी पेरला, कोणी खुडला, दळण घेऊन खेचर हाकत कोण आलं, हे दळण सुरू असतानाच सांगायला हवं. वेगळ्या कोपऱ्यात वेगळी पाटी लावून उपयोग नाही, ती कोणी वाचत नाही. याच पिकन्स काउंटीत डोंगराच्या अंगाला लायबेरिया म्हणून वस्ती आहे, १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेली, त्यांचं सोपस्टोन चर्च १९६७ मध्ये जाळलं गेलं आणि लोकांनी परत बांधलं. पायथ्याच्या वारशाची सहल काढायची तर ते चर्च त्या सहलीत हवंच, गिरणीइतकंच हवं.

आणि गिरणीच्या आधी कोण होतं? हॅगूड मिलच्या आवारातच २००३ मध्ये एक मोठा खडक सापडला, जुन्या रस्त्याखाली दबलेला, त्यावर मूळ रहिवाशांनी कोरलेल्या माणसांच्या डझनाहून जास्त आकृत्या. आता त्याच्यावर इमारत बांधलीये. आत अंधार करतात आणि कडेने तिरका उजेड टाकतात तेव्हा त्या आकृत्या उमटून येतात, हात पाय असलेली छोटी छोटी माणसं, अंगावर काटा आला माझ्या. या खडकाला मात्र कोणी हात लावू नये. जे चालवल्याने जगतं ते चालवावं आणि जे स्पर्शाने मरतं ते अंधारात ठेवावं, दोन्हीला एकच नियम लावायचा नाही, एवढी अक्कल त्या एका आवारात दिसते आणि त्याबद्दल मला तिथल्या लोकांचं मनापासून कौतुक आहे.

पण चेरोकी म्हणजे इथली मूळ रहिवाशांची जमात, त्यांचं खुद्द मोठं गाव, किओवी, ते जवळच होतं आणि आज ते पाण्याखाली आहे. १७७७ च्या तहात चेरोकींकडून ही जमीन गेली, आणि १९७० च्या आसपास ओकोनी अणुवीज केंद्रासाठी किओवी तलाव भरला तेव्हा गावाची जागाही गेली, समोरचा १७५३ चा इंग्रजांचा प्रिन्स जॉर्ज किल्लाही. पाणी भरायच्या आधी थोडं उत्खनन झालं तेवढंच. आज त्या तलावावर बोटी फिरतात. मी वीज नको म्हणत नाही, पण एका गिरणीचं चाक जपताना आपण शेजारी काय बुडवलं हे बघायला येणाऱ्याला कळायला नको का?

हे मी नुसतं हळहळ म्हणून सांगत नाहीये, याचा थेट मक्याशी संबंध आहे. मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता दळून खाल्ला तर शरीराला ते फारसं मिळत नाही. मूळ रहिवासी मका चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवायचे, त्याने ते सुटं होतं. चेरोकीही राखेचं पाणी वापरायचे. नंतर आलेल्यांनी मका घेतला, ती रीत काही पदार्थांपुरती ठेवली आणि रोजचं खाणं नुसतं पीठ झालं. जोवर सोबत दूध, भाजी, मांस होतं तोवर निभलं. मग कापडगिरण्यांच्या वस्त्या आल्या, गरिबी आली, आणि मोठ्या कारखान्यांत मक्याचा कोंब काढून टाकलेलं टिकाऊ पीठ आलं, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा पसरला, कातडी सोलवटायची, जुलाब, डोक्यावर परिणाम आणि मग मरण, एक लाखाच्या आसपास माणसं गेली असं मानतात. सरकारने पेलाग्राचं हॉस्पिटल काढलं ते कुठे, तर याच पायथ्याच्या पट्ट्यात, स्पार्टनबर्गला, १९१४ मध्ये. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरने कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरी जेवण तपासून दाखवलं की हा संसर्ग नाही, ही खाण्यातली कमतरता आहे, आणि लोकांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं विश्वास ठेवला नाही.

आता विचार करा, खडकावरची चित्रं, दगडाची गिरणी आणि स्पार्टनबर्गचं ते हॉस्पिटल, या तिन्ही गोष्टी गाडीने एका दिवसात होतील इतक्या जवळ आहेत आणि तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे. पण सहलीच्या पत्रकात त्या तीन वेगळ्या जागी असतात किंवा तिसरी नसतेच. गिरणीत मक्याचं पीठ आणि कण्या विकत मिळतात, मी दोन्ही आणल्या, पिशवीवर लिहिलेलं होतं की फ्रीजमध्ये ठेवा, कारण दगडावर दळलेल्यात कोंब असतो, त्यात तेल असतं, ते खवट होतं. त्या एका ओळीवरून हा सगळा इतिहास सांगता येतो. पीठ हातात असताना सांगा, माणूस जन्मात विसरणार नाही.

बाकी या पट्ट्यात बघण्यासारखं खूप आहे, चेरोकी फूटहिल्स म्हणतात तो ११ नंबरचा रस्ता धरला की १८२० चा पॉइन्सेट दगडी पूल, स्टंपहाउसचा अर्धवट राहिलेला रेल्वे बोगदा जिथे यादवी युद्धाच्या आधी पैसे संपून काम थांबलं आणि पुढे विसाव्या शतकात कॉलेजवाल्यांनी त्याच्या गारव्यात चीज मुरवलं, आणि थोडं आडबाजूला कॅम्पबेलचा झाकलेला पूल, १९०९ चा, साउथ कॅरोलिनात असा एकच उरलाय. त्या पुलाशेजारी कॅम्पबेलची स्वतःची गिरणी होती आणि शेतकरी मका घेऊन पूल ओलांडून आपल्याकडे येतील म्हणून त्याला पूल हवाच होता. पूल आहे, गिरणी नाही, त्यामुळे पूल तिथे का आहे हेच आता बघून कळत नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. लोक म्हणतात गरीब काउंटी आहे, शाळा आहेत, रस्ते आहेत, गिरणी कशाला पोसायची. एक तर गिरणी ही पहिल्यापासूनच सार्वजनिक गोष्ट होती. शेतकरी रोख पैसे द्यायचा नाही, दळणातला वाटा गिरणीवाला ठेवून घ्यायचा आणि तो किती घ्यायचा हे बऱ्याच राज्यांत कायद्याने ठरलेलं होतं, कारण गिरणी अडली तर गाव उपाशी. दुसरं, बघायला येणारे पैसे द्यायला तयार असतात, फक्त ते कुठे जातात ते कळायला हवं. ग्रेट स्मोकी पार्कला प्रवेश फी नाही, पण १ मार्च २०२३ पासून पार्किंगचे पैसे सुरू केले, दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०, आणि ते तिथेच वापरायचे असं ठरलं. सुरुवातीला ओरड झाली, तरी माणसं येतायत. माझं म्हणणं एवढंच की असे पैसे आले की पहिला हक्क चाकाचा, पन्हळीचा आणि गिरणी चालवणाऱ्या माणसाचा. नवीन पार्किंग, नवीन गिफ्ट शॉप, प्लॅस्टिकची चाकं असलेले कीचेन हे सगळं नंतर. एक वेळ स्वच्छतागृह साधं चाललं, पण दगड टाकवणारा माणूस हवा.

निघताना मी त्या काकांना विचारलं की तुमच्यानंतर कोण. ते हसले, म्हणाले एक पोरगा येतो शिकायला, त्याला नोकरीतून सुट्टी मिळेल त्या शनिवारी. पीठ बोटात चोळून फट ओळखायला किती दिवस लागतात, असं विचारलं तर म्हणाले, काही वर्षं. महिन्यातला एक शनिवार, तोही सुट्टी मिळाली तर, या हिशेबाने ती काही वर्षं भरायला त्या पोराचं अर्धं आयुष्य जाईल. त्याला पगार द्या आणि आठवड्यातले चार दिवस गिरणीवर ठेवा.